कार्यकक्षेबाहेरचा केक

मंगळवारी दुपारी ठीक चार वाजता वजनमापे कार्यालयाच्या आवक टेबलावर डाएट कोल्ड्रिंकची एक बाटली ठेवण्यात आली. गेली तीन वर्षं ती तिथे रोज ठेवण्यात येत होती आणि तिच्यामुळे कोणाचं काही बिघडल्याची नोंद नव्हती. त्या दिवशी मात्र बाटलीसमोर बसलेल्या गृहस्थांनी झाकणावर हात ठेवला आणि झाकण उघडलं नाही. पुढे जे काही झालं त्याची सुरुवात या न उघडलेल्या झाकणापासून धरावी, असं नंतर रीतसर ठरावाने ठरलं.

हे गृहस्थ म्हणजे आवककाका. कार्यालयात येणारा प्रत्येक कागद आधी त्यांच्या खिडकीत येई. ते त्यावर गोल शिक्का मारत, क्रमांक घालत, आणि मगच तो कागद जन्माला आला असं मानलं जाई. एकतीस वर्षं हेच काम. शेजारच्या टेबलावर जावकमावशी बसत. त्यांचं काम उलटं, बाहेर जाणाऱ्या कागदांवर चौकोनी शिक्का मारायचं. दोन टेबलांमध्ये दीड हाताचं अंतर होतं आणि ते कापायला साध्या कागदाला अकरा दिवस लागत. तातडीच्या कागदाला चौदा, कारण तातडी खरी आहे का हे आधी तपासावं लागे.

"काकांकडे सगळं येतं, जात काही नाही," असं मावशी म्हणत. ते खरंच होतं. तीन वर्षांपूर्वी काकांकडे मधुमेह आला, तो आलाच. चहातली साखर सुटली. जेवणानंतरचं गोड सुटलं. वाढदिवसाला मेणबत्ती फुंकायचा मान तेवढा त्यांच्याकडे राहिला. केक बाकीच्यांकडे गेला. सुखाच्या नावाने उरली ती जिन्याखालच्या मशीनमधली काळी, फेसाळ, गारेगार बाटली. तिच्यावर ठसठशीत अक्षरांत 'शून्य साखर' असं लिहिलेलं होतं. लिहिलेलं होतं, म्हणून काकांचा विश्वास होता.

त्या विश्वासाला सोमवारी जेवणाच्या टेबलावर तडा गेला.

"बाबा, ते साखरेपेक्षा वाईट असतं," फोनमधून मान वर न काढता लेक म्हणाली.

"कोण म्हणतं?"

"सगळेच."

"सगळे म्हणजे कोण? खाली सही कोणाची आहे?"

लेकीने बोटाने फोन वर सरकवला. "थांबा हं. इथे म्हटलंय की एकदम सुरक्षित आहे. पण हे ती बाटली विकणारेच आहेत." आणखी सरकवला. "इथे म्हटलंय एकदम विष आहे. हे हिरवा काढा विकतात."

"म्हणजे नक्की काय?" काकूंनी विचारलं. काकू म्हणजे काकांच्या पत्नी.

"दोन्ही," लेक म्हणाली आणि उठून हात धुवायला गेली.

मंगळवारी सकाळी काका-काकू डॉक्टरबाईंकडे गेले. डॉक्टरबाई कमी बोलणाऱ्या होत्या, पण त्या दिवशी सविस्तर बोलल्या.

"हे बघा काका, त्यात साखर नाही, त्यामुळे तेवढ्याने तुमची साखर चढायची नाही. साखरेच्या कोल्ड्रिंकपेक्षा हे बरं. कधीमधी एखादी चालेल. रोजची सवय नको, कारण वर्षानुवर्षं प्यायल्यावर काय होतं ते अजून कोणाला छातीठोक सांगता येत नाही. तहान लागली की पाणी प्या. आणि बाटलीबरोबर काय खाता तिकडे लक्ष ठेवा. तीन महिन्यांनी रक्त तपासू. आकडा खाली आला नाही तर रोजचं इंजेक्शन सुरू करावं लागेल, आत्ताच सांगून ठेवते."

इंजेक्शन म्हटल्यावर काकांच्या तोंडचं पाणी पळालं. सुईला ते इतके भीत की कागद जोडायलासुद्धा टाचणी न वापरता डिंक वापरत.

इतकं स्पष्ट उत्तर मिळाल्यामुळे घरात एकदम गोंधळ माजला. काकांनी त्यातलं 'चालेल' उचललं. लेकीला फोनवर सांगितलं तेव्हा तिने 'नको' उचललं. काकूंनी काहीच उचललं नाही. एकतीस वर्षं आवक कारकुनाशी संसार केलेली बाई ती. दवाखान्याच्या पायऱ्या उतरतानाच त्या म्हणाल्या, "तोंडी काय, कोणीही सांगतं. लेखी आणा."

काका परत वर गेले. डॉक्टरबाईंनी त्यांच्याकडे बघून स्मित केलं आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

म्हणून चार वाजता झाकणावर हात होता आणि झाकण बंद होतं. उघडावं तर काकू, न उघडावं तर चार वाजलेले. वास्तविक बाटली प्यायली असती तरी दोन मिनिटांत प्रश्न मिटला असता, आणि बेसिनमध्ये ओतली असती तरी दोनच मिनिटांत. पण हे दोन्ही मार्ग सामान्य माणसाचे. काकांनी कोरा कागद ओढला आणि वळणदार अक्षरात लिहिलं: 'मधुमेही इसमाने दुपारी चार वाजता डाएट कोल्ड्रिंकची एक बाटली पिणे चालेल किंवा कसे, याबाबत मार्गदर्शन व्हावे ही विनंती.' मन मोकळं करायला लिहिलं होतं. घडी घालून खिशात ठेवणार होते. पण समोर कागद आला की हाताला एकच गोष्ट ठाऊक होती.

ठप्प.

मावशींनी मान वळवली. "काका, कशावर मारलात?"

काकांनी कागदाकडे पाहिलं. गोल शिक्का, तारीख, क्रमांक, सगळं जागच्या जागी. "स्वतःवरच," ते म्हणाले.

या कार्यालयाचे लेखी नियम एकशे चौदा होते आणि अलिखित नियम एकच होता, तो सगळ्यांच्या वरचा: आवक झालेला कागद मरत नाही. तो फाडता येत नाही, मागे घेता येत नाही, आणि हरवला तर सापडेपर्यंत त्याच्या शोधाची फाइल चालते.

कागद साहेबांपुढे गेला. साहेब मनाने मृदू होते, कोणत्याही फाइलला दुखवणं त्यांच्या जिवावर येई.

"हा विषय आपला आहे का हो?" त्यांनी अधीक्षकांना विचारलं.

अधीक्षकांना सगळे नियम पाठ होते. शेजाऱ्याचं नाव पाठ नव्हतं. ते म्हणाले, "'एक बाटली' हे माप आहे साहेब. आपलाच विषय."

"मग समिती नेमू या."

"नेमलीच पाहिजे."

कोपऱ्यात उभ्या असलेल्या काकांनी खाकरून विचारलं, "साहेब, निर्णय होईपर्यंत मी काय करू? पिऊ का नको?"

"निर्णय होईपर्यंत जैसे थे," अधीक्षक म्हणाले.

"म्हणजे?"

"अर्ज आला त्या दिवशी जी परिस्थिती होती तीच ठेवायची. रोज चारला एक बाटली. एखाद दिवशी चुकवलीत तर परिस्थिती बदलल्यासारखं होईल."

"आणि रविवारी?"

"रविवारी मधुमेह नसतो का?"

तेव्हापासून रविवारीही काका कार्यालयात येऊ लागले. पहारेकरी कुलूप काढी, काका टेबलाशी बसून बाटली पीत, पहारेकरी साक्षीदार म्हणून सही करी. घरी काकूंनी 'जैसे थे'चा आदेश दोनदा वाचला. सही पाहिली, शिक्का पाहिला. "मग प्या बाई," त्या म्हणाल्या, "लेखीच आहे."

समितीत पाच सदस्य होते. साहेब अध्यक्ष, अधीक्षक, सह्या करण्यापुरते दोघे, आणि लाभार्थी प्रतिनिधी म्हणून काका. त्या दोघांपैकी एक सदस्य कायम गैरहजर असत आणि सही मात्र वेळेवर पाठवत. मावशींकडे इतिवृत्त लिहायचं काम आलं.

इतिवृत्ताचा छापील नमुना पूर्वीपासून होता. त्याची पहिलीच ओळ अशी: 'अल्पोपहारानंतर सभेस सुरुवात झाली.' छापीलच असल्यामुळे ती खोडता येत नव्हती, त्यामुळे अल्पोपहाराशिवाय सभा सुरू होणं बेकायदा होतं. चहाच्या जागी अभ्यासासाठी बाटल्या होत्याच. कँटीनवाल्याला म्हटलं, बरोबर काहीतरी पाठव. त्याने चॉकलेट केक पाठवला. प्रत्येक तुकड्यावर एक लाल चेरी.

साहेबांनी केककडे पाहिलं. "मला घरी गोड बंद केलंय हो," ते खेदाने म्हणाले. मग त्यांची नजर बाटलीवर गेली आणि चेहरा उजळला. "पण हे डाएट आहे ना? मग एक तुकडा चालतो."

या वाक्यावर मतदान घ्यावं लागलं नाही. सर्वांनी गांभीर्याने माना डोलावल्या आणि बशा पुढे केल्या.

काकांची बशी तीन वर्षं रिकामी होती. त्यांनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. नाही म्हणावं असं एकदा त्यांच्या मनात येऊन गेलं. पण लाभार्थी प्रतिनिधीने अल्पोपहार नाकारला तर सभा सुरूच झाली नाही असं होईल, आणि सभा सुरू झाली नाही तर निर्णय लागणार नाही. कर्तव्य म्हणून त्यांनी चेरीही खाल्ली.

दुसऱ्या आठवड्यात तुकडे दोन झाले. मावशींनी भुवया उंचावल्या तेव्हा अधीक्षकांनी हिशेब समजावला. "बाटलीत साखर शून्य. शून्याला दोनने गुणा, शून्यच येतं. तिनाने गुणा..."

"तिनाने गुणू नका," मावशी म्हणाल्या.

सभा संपल्यावर एका तासाने काकांची साखर मोजली जाई. बोटाला टोचायचं काम मावशींकडे होतं. तेवढ्यापुरते काका भिंतीकडे तोंड करून उभे राहत. आकडा तक्त्यात लिहिला जाई. तक्त्याला रकाने चार: दिनांक, वेळ, बाटली, साखर. पहिल्या दिवशी साखर चढली. दुसऱ्या दिवशी आणखी चढली. आठवड्याच्या शेवटी तक्ता एखाद्या जिन्यासारखा दिसू लागला.

"आणि केक?" मावशींनी विचारलं. "त्याचा रकाना कुठेय?"

"केकबाबत अर्ज आलाय का?" अधीक्षकांनी विचारलं.

सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. या कार्यालयात काय आलंय आणि काय नाही हे सांगण्याचा अधिकार एकट्या त्यांचा होता. काकांच्या तोंडात घास होता. तो त्यांनी सावकाश गिळला.

"नाही," ते म्हणाले. "केक आवक झालेला नाही."

"मग तो कार्यकक्षेबाहेर."

अशा प्रकारे केक रोज खाल्ला गेला आणि एकदाही नोंदला गेला नाही.

"कावळा बसायला आणि फांदी मोडायला, असं चाललंय हे," मावशी पुटपुटल्या.

"कावळ्याचं इतिवृत्तात घेऊ नका," अधीक्षक म्हणाले. "पक्षी आपल्याकडे येत नाहीत."

समिती मात्र प्रामाणिक होती. साखर चढते म्हटल्यावर तिने उपाय सुरू केले. काकांना अर्धी बाटली देण्यात आली. (जैसे थेचा भंग होऊ नये म्हणून उरलेली अर्धी पाच वाजता पूर्ण करून घेत.) साखर तेवढीच चढली. मग पाव बाटली. तेवढीच. मग सभेत बाटली नुसती समोर ठेवली, झाकणही उघडलं नाही. साखर चढली.

साहेबांना घाम फुटला. "न पिताही चढते? मग चढते कशाने?"

"पाहिल्याने," अधीक्षक म्हणाले.

बाटलीवर कापड टाकलं. साखर चढली. बाटली शेजारच्या खोलीत नेली. चढली.

"आता तर ती दिसतही नाही," साहेब हताशपणे म्हणाले आणि त्यांनी तुकडा उचलला.

"पण आठवते ना."

तेव्हा काकांकडून रोज हमीपत्र घेण्याचं ठरलं: 'मी बाटली विसरलो आहे.' काका ते रोज चार वाजता वळणदार अक्षरात लिहीत, आणि लिहिताना त्यांना ती नेमकी आठवे. साखर चढतच राहिली. या पेयाची आठवणसुद्धा मधुमेहींना बाधते, असा अंतरिम निष्कर्ष निघाला.

मग कोणीतरी म्हणालं, तुलना करायला साधं पाणी देऊन बघू. बघितलं. एक पेला पाणी, बरोबर नेहमीचा अल्पोपहार. तासाभराने आकडा आला, तो बाटलीच्या आकड्याइतकाच.

साहेबांनी पाण्याचा पेला हातभर दूर सरकवला.

"म्हणजे पाणीसुद्धा," साहेब हळू आवाजात म्हणाले.

"पाण्याबद्दल इतकी वर्षं कोणी तपासलंच नव्हतं," अधीक्षक म्हणाले. "सगळे बेधडक पीत होते."

दुसऱ्या दिवशी नळापाशी पाटी लागली: 'मधुमेहींनी पाणी पिण्यापूर्वी सक्षम प्राधिकाऱ्याची परवानगी घ्यावी.' तिसऱ्या दिवशी नळाची तोटीच काढून ठेवली. तराजू तपासून घ्यायला आलेला एक किराणा दुकानदार रांगेतून वैतागून खिडकीशी आला.

"साहेब, घोटभर पाणी मिळेल का?"

"मधुमेह आहे?" काकांनी विचारलं.

"थोडासा आहे."

"अर्ज करा."

"तोवर काय पिऊ मी?"

काकांनी जिन्याखालच्या मशीनकडे बोट दाखवलं. "ते अभ्यासाधीन आहे, ते चालतं. पाणी सिद्ध झालंय, ते नाही चालत."

दुकानदाराने त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि तराजू उचलून तो न तपासताच घरी गेला.

तिसऱ्या महिन्यात आरोग्य तपासणीत साहेबांना मधुमेह निघाला. त्याच आठवड्यात अधीक्षकांना, आणि सह्या करणाऱ्या दोघांपैकी हजर राहणाऱ्याला. मावशींनी इतिवृत्तात काय लिहू असं विचारलं, तेव्हा अधीक्षकांनी सांगितलं तसं त्यांनी लिहिलं: 'समितीत लाभार्थ्यांचे प्रतिनिधित्व आता पाचपैकी चार झाले असून ही समाधानाची बाब आहे.' गैरहजर राहणारे पाचवे सदस्य ठणठणीत होते. अल्पोपहाराला अनुपस्थित राहिल्याबद्दल त्यांना नोटीस काढावी का, यावरही चर्चा झाली.

काका या सगळ्या दिवसांत हसत-बोलत होते, पण आतून त्यांना तारीख दिसत होती. एकदा दुपारी ते मावशींना म्हणाले, "मावशी, परवा रक्त तपासायचंय."

"मग आज केक नका घेऊ."

"आज घेतला नाही तर इतके दिवस घेत होतो असं होईल."

मावशींनी चौकोनी शिक्का खाली ठेवला. "काका, तुम्ही इतके दिवस घेतच होतात."

"पण नोंद नाही," काका म्हणाले. 

डॉक्टरबाईंनी तपासणीचा कागद हातात घेतला आणि चष्म्याच्या वरून पाहिलं. "काका, हा आकडा आहे की कोणाचा फोन नंबर? काय खाता खरं सांगा."

"बाटली पितो."

"बाटलीने हे होत नाही. बरोबर काय?"

"बरोबरचं कार्यकक्षेबाहेर आहे," काका म्हणाले आणि त्यांनी काकूंची नजर चुकवली.

डॉक्टरबाई पहिल्यांदाच चिडल्या. त्यांनी पॅड ओढलं, तीन महिन्यांपूर्वी बोललेलं सगळं एकटाकी लिहून काढलं, खाली सही केली, शिक्का मारला आणि सोबत इंजेक्शनचं खोकं ठेवलं. काकांना हवं होतं ते अखेर मिळालं होतं, आणि नको होतं तेही त्याच पिशवीत आलं होतं.

घरी काकूंनी कागद टेबलावर पसरला. वाचता वाचता त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं. "'बाटलीबरोबर काय खाता तिकडे लक्ष ठेवा.' अहो, बरोबर काय खाता तुम्ही?"

एकतीस वर्षांच्या संसारात काका बायकोशी कधी खोटं बोलले नव्हते. फार तर काही गोष्टी प्रलंबित ठेवल्या होत्या. "ते विचाराधीन आहे," ते म्हणाले.

"कोणाच्या?"

काका उठून गॅलरीत गेले.

दुसऱ्या दिवशी चार वाजता आवक खिडकीशी रांगेत काकू उभ्या होत्या. सभेच्या खोलीचं दार उघडं होतं. आत पाच खुर्च्या, चार माणसं, चार बशा, आणि एका बशीवरची चेरी चमच्याने अलगद उचलणारे त्यांचे यजमान. काकूंनी खिडकीच्या काचेवर अंगठी वाजवली. काका तोंड पुसत आले.

"अगं, तू इथे?"

"अर्ज आहे." काकूंनी रांगेत उभ्या उभ्याच लिहिलेला कागद आत सरकवला. त्यावर लिहिलं होतं: 'माझे पती या कार्यालयात रोज चार वाजता केक खातात. तो त्यांनी खावा किंवा कसे, हे कळावे.'

"घरी बोलू ना आपण."

"घरी तुम्ही विचाराधीन असता. शिक्का मारा."

"वहिनी, थांबा," मावशी घाईने उठल्या. "त्यावर शिक्का नका मारू देऊ. असं करू नका, मी सांगते..."

पण एकतीस वर्षांत या खिडकीतून एकही कागद परत गेला नव्हता. काकांनी बायकोकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं. हात आपला आपण वर गेला.

ठप्प.

आवाज ऐकून अधीक्षक बशी घेऊन बाहेर आले. त्यांनी अर्ज वाचला, हातातल्या बशीकडे नव्या नजरेने पाहिलं आणि प्रसन्न झाले. इतके महिने नसलेला केक आता होता. "उत्तम. स्वतंत्र समिती नेमू. निर्णय होईपर्यंत जैसे थे."

"म्हणजे काय हो?" काकूंनी विचारलं.

उत्तर मावशींनी दिलं. "म्हणजे आता रोज खावाच लागणार, वहिनी. रविवारीसुद्धा."

काकूंचा चेहरा उतरला. "मग मी अर्ज मागे घेते."

"आवक झालेला कागद..." अधीक्षक, साहेब आणि काका एकदमच म्हणाले, आणि काका मधेच थांबले.

"आणि बाटली?" दारातून साहेबांनी विचारलं. "नव्या समितीला बाटली लागेल ना बरोबर?"

"लागेल. पण ती आता कार्यकक्षेबाहेर."

केक समितीचं कामकाज सोमवारी सुरू झालं. वेळापत्रक भिंतीवर लागलं: पावणेचारला सुई, चारला केक, पाचला मोजणी. पहिल्या दिवशी काकांनी भिंतीकडे तोंड केलं, मावशींनी सदऱ्याची दोन बटणं काढायला सांगितली, आणि काकांनी एवढ्या जोरात डोळे मिटले की सुई बाहेर आल्यावरही ते उघडायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही. साहेब खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसले. त्यांनी मायेने काकांच्या पाठीवरून हात फिरवला आणि बशी पुढे केली.

"घेतलीत ना सुई? मग एक तुकडा चालतो."

त्या संध्याकाळी घरी काकूंनी आधण ठेवलं. मग चहाचा बिनसाखरेचा कप काकांपुढे ठेवत म्हणाल्या, "अहो, एक सांगू? उद्या चार वाजता तो तुकडा उचलू नका. समिती बसू दे, कागद फिरू दे, तक्ते भरू देत. तुम्ही फक्त हात पुढे करू नका. तुमचं तोंड उघडून कोणी कोंबणार आहे का?"

काकांनी कप खाली ठेवला. त्यांनी हे सगळ्या बाजूंनी तपासून पाहिलं. यात समिती नव्हती, तक्ता नव्हता, परिशिष्ट नव्हतं. ते इतकं सोपं होतं की त्यात काहीतरी चुकत असणार. पण चूक सापडेना. त्यांनी पोटावर, सुई टोचलेल्या जागी, सदऱ्यावरूनच हात ठेवला. डोळे भरून आल्यासारखे झाले.

"हे तू मला..." त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, "लेखी देशील?"

काकूंनी कप उचलला आणि त्या आत निघून गेल्या.

दोन्ही समित्यांचे अहवाल हल्ली लोकांच्या हरकती व सूचनांसाठी खुले केले आहेत. आतापर्यंत चार हजार सहाशे बारा पत्रं आली. काका रोज शिक्के मारतात. बाटलीबरोबर एक तुकडा चालेल का, असं बहुतेकांनी विचारलंय. चालल्यावर दोन चालतील का, असं काहींनी. जिना चढून आलो तर, जेवण हलकं घेतलं तर, उद्यापासून बंद करणार असलो तर, अशीही पत्रं आहेत. मी परवापासून बंद केलं, असं सांगणारं एकही नाही. आणि तसं कोणी केलं असेल तर त्याला पत्र लिहायची गरजच पडली नसणार, असं मावशी म्हणतात.

तुमचं पत्र तेवढं यायचं राहिलंय. घाई नाही, खिडकी उघडीच असते. आणि तुमच्या हातात आत्ता जे आहे त्याची नोंद कुठेही होणार नाही. ते आधी निवांत संपवून घ्या.